फ्रीव्हीलिंग हब, हस्तचालित
अर्धवेळ फोर-व्हील ड्राइव्ह वाहनाची पुढची चाके त्यांच्या अर्ध-आसांना हाताने जोडण्याची वा त्यांपासून सोडवण्याची यंत्रणा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्कराच्या शिल्लक जीप नागरी वापरात आल्या (पहा : जीप). त्यांच्यासाठी आर्थर वॉर्न यांनी 1948 मध्ये स्थापलेल्या कंपनीने असे हब तयार केले.

टू-व्हील ड्राइव्हमध्ये ट्रान्सफर केसकडून पुढे शक्ती जात नाही, तरी रस्त्यावर फिरणारी चाकेच अर्ध-आस, डिफरन्शियल (पहा : दंतचक्र) आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरवत राहतात. हबवरची चकती ‘फ्री’वर वळवली की आतली दातेरी कडी अर्ध-आसापासून सुटते आणि चाक केवळ बेअरिंगवर फिरते. इंधनाची बचत थोडीच होते, केवळ तिच्यासाठी हा खर्च समर्थनीय नाही. खरा लाभ झीज, आवाज आणि कंप कमी होण्यात आहे. चिखलात उतरून हब वळवावे लागतात, हा नेहमीचा आक्षेप. पण वाट बिघडण्यापूर्वीच ते लॉक करता येतात, आणि लॉक हबसह टू-व्हील ड्राइव्हमध्ये डांबरी रस्त्यावर चालवल्याने अपाय होत नाही. सुट्या हबवर लो रेंज वापरल्यास सारा भार मागच्या आसावर पडतो, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. दीर्घकाळ सुटे ठेवल्यास पुढच्या आसातील वंगणही स्थिर राहते. म्हणून ते अधूनमधून लॉक करून काही अंतर चालवावे लागते. कायमस्वरूपी फोर-व्हील ड्राइव्ह वाहनात हब सुटे आणि मधले डिफरन्शियल खुले असल्यास वाहन पुढे सरकत नाही.