घनाकृतींचें नामकरण

घनाकृतीस नांव द्यावयाचें तर तिचें काय मोजावें? ग्रीकांनीं पृष्ठें मोजलीं. आपला ‘चतुष्फलक’ हा शब्द त्याच वळणाचा. आर्यभटानें मात्र इ. स. ४९९ च्या सुमारास ‘आर्यभटीयां’त कडा मोजल्या. घन तो ‘द्वादशाश्रि’, आणि त्रिकोणी पायाची सूची ती ‘षडश्रि’. अश्रि म्हणजे कड. काड्यांचा सांगाडा बांधणाऱ्यास हीच गणना आधीं सुचेल! परंतु आठ त्रिकोणांच्या अष्टफलकासही कडा बाराच. मग नुसत्या ‘द्वादशाश्रि’नें घन कसा ओळखावा? पृष्ठांचीही तीच अडचण. चौकोनी सूची व त्रिकोणी चिती, दोहोंसही पृष्ठें पांचच. भेद दिसतो तो कडांत, एकीस आठ, दुसरीस नऊ. षडश्रीचें घनफळ मात्र आर्यभटानें पाया व उंची यांच्या गुणाकाराचें अर्धें सांगितलें. तें तृतीयांश हवें, ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें सूचीस तसेंच दिलें आहे.