इटालियनमधील निश्चित उपपदे: इल, लो की ला?

इंग्रजीत सगळ्या नामांना एकच 'द' पुरतो. इटालियनमध्ये त्याची सात रूपे आहेत: एकवचनात इल, लो, ला, ल', अनेकवचनात ई, ल्यी, ले.

लिंगे दोनच, नपुंसकलिंग नाही. मराठीची सवय इथे कामी येत नाही: आपले घर नपुंसकलिंगी, त्यांचे 'ला काझा' स्त्रीलिंगी. शेवटी 'ओ' म्हणजे पुल्लिंग, 'आ' म्हणजे स्त्रीलिंग हा ठोकताळा बहुतेकदा चालतो. पण हात म्हणजे 'ला मानो' आणि अडचण म्हणजे 'इल प्रोब्लेमा'! त्यामुळे शब्द उपपदासकटच पाठ केलेला बरा.

खरी गंमत पुल्लिंगात आहे. तिथे उपपद नामावर नाही, लगेच पुढे येणाऱ्या शब्दाच्या सुरुवातीच्या ध्वनीवर ठरते. 'स'ने सुरू होणारे जोडाक्षर आले की 'लो': 'लो स्तुदेन्ते' (विद्यार्थी). मध्ये 'नवा' घातला की लगेच 'इल नुओवो स्तुदेन्ते'. स्वरापूर्वी ल': मित्र म्हणजे 'ल'अमीको', पण माझा मित्र 'इल मीओ अमीको'.

'माझे वडील' म्हणताना मात्र उपपद गळते, नुसते 'मीओ पाद्रे'. भाऊ एकाहून जास्त असले की ते परत येते: 'ई मिएई फ्रातेल्ली'.