कौन्सिलच्या काळजीसेवेची परीक्षा कोण घेते?

इंग्लंडमधील कोणत्याही केअर होमच्या दर्शनी भागात तपासणीतील श्रेणी लावलेली आढळते. 'उत्कृष्ट', 'चांगले', 'सुधारणा आवश्यक' आणि 'असमाधानकारक' या चारपैकी एक शब्द तेथे असतो आणि २०१५ पासून तो लावणे कायद्याने बंधनकारक आहे. मात्र एखाद्या वृद्धाची गरज ठरवणारी, त्याला त्या केअर होमपर्यंत पोहोचवणारी आणि अनेकदा खर्चाचा भार उचलणारी जी कौन्सिल, तिच्या कारभाराला अशी श्रेणी देणारी स्वतंत्र व्यवस्था २०१० ते २०२३ या काळात अस्तित्वातच नव्हती. दुकानाची तपासणी होत होती. घाऊक खरेदीदाराकडे मात्र कोणी पाहत नव्हते.

पूर्वी तसे नव्हते. २००२ पासून कौन्सिलच्या समाजसेवा विभागांना तारे दिले जात. हे काम आधी सोशल सर्व्हिसेस इन्स्पेक्टोरेटकडे होते, २००४ पासून कमिशन फॉर सोशल केअर इन्स्पेक्शनकडे आणि २००९ पासून नव्याने स्थापन झालेल्या केअर क्वालिटी कमिशनकडे, म्हणजेच सीक्यूसीकडे आले. २०१० साली सत्तांतर झाले. नव्या सरकारला स्थानिक संस्थांवरील तपासण्यांचे ओझे कमी करावयाचे होते, त्यामुळे कौन्सिलचे वार्षिक मूल्यमापन बंद पडले. त्याऐवजी एका कौन्सिलच्या अधिकाऱ्यांनी दुसरीचे काम पाहून सल्ला द्यावा, अशी परस्पर परीक्षणाची पद्धत रुजली. ती निरुपयोगी होती असे नाही, पण शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेले प्रमाणपत्र शेवटी शेजारधर्माच्या मर्यादेतच राहते.

दरम्यान कौन्सिलची जबाबदारी मात्र वाढली. केअर ॲक्ट, २०१४ हा त्या दृष्टीने पायाभूत कायदा. वार्धक्य, अपंगत्व किंवा मानसिक आजार यामुळे ज्याला मदतीची गरज असल्याचे दिसते, अशा कोणत्याही प्रौढ व्यक्तीच्या गरजांची पाहणी करणे कौन्सिलला बंधनकारक झाले. त्या व्यक्तीची सांपत्तिक स्थिती काय, हा प्रश्न पाहणीनंतरचा. (इंग्लंडमध्ये ही सेवा आरोग्यसेवेप्रमाणे सर्वांना मोफत नाही. २३,२५० पौंडांहून अधिक बचत असणाऱ्यास सामान्यतः स्वतःचा खर्च स्वतः करावा लागतो, आणि ही मर्यादा २०१० पासून हललेली नाही.) घरच्या माणसाची विनामोबदला शुश्रूषा करणाऱ्या पत्नीला, मुलाला वा सुनेलाही स्वतंत्र पाहणीचा हक्क याच कायद्याने दिला. शिवाय छळ आणि दुर्लक्षापासून संरक्षण, गरज वाढू नये म्हणून प्रतिबंधक उपाय आणि परिसरात पुरेशा सेवा उपलब्ध राहतील हे पाहणे, ही कर्तव्येही आली. एवढे सारे कायद्यात लिहिले खरे. पण ते पाळले जाते की नाही, हे त्रयस्थपणे पाहणारा कोणी नव्हता.

ही उणीव हेल्थ अँड केअर ॲक्ट, २०२२ ने भरून काढली. १ एप्रिल २०२३ पासून कौन्सिलच्या मूल्यमापनाचे कर्तव्य पुन्हा सीक्यूसीकडे आले. इंग्लंडमध्ये ही सेवा देणाऱ्या कौन्सिलची संख्या १५३ आहे. स्कॉटलंड व वेल्स यांच्या तपासणी यंत्रणा निराळ्या असल्याने ही पद्धत तेथे लागू नाही.

मूल्यमापनाची चौकट चार भागांची आहे. लोकांबरोबर काम, मदतीचा पुरवठा, सुरक्षितता आणि नेतृत्व असे हे भाग असून त्यांत मिळून नऊ विधाने आहेत. गरजांची पाहणी वेळेवर व नीट होते का, रुग्णालयातून घरी येताना किंवा अठराव्या वर्षी मुलांच्या सेवेतून प्रौढांच्या सेवेत जाताना माणूस मधल्या फटीत पडत नाही ना, छळाची तक्रार आल्यावर काय केले जाते, अशा प्रश्नांची उत्तरे त्यातून शोधली जातात. समन्यायाचे एक विधान भारतीय वाचकाला विशेष महत्त्वाचे वाटावे. हॅरो किंवा हाउन्स्लोसारख्या भागात, जेथे भारतीय वंशाची मोठी वस्ती आहे, इंग्रजी न येणाऱ्या आजींपर्यंत सेवा पोहोचते का, दुभाषी मिळतो का, हे त्याखाली तपासता येते. असे ज्येष्ठ स्वतःहून तक्रार करायला जात नाहीत. त्यामुळे कौन्सिल त्यांना शोधत गेली की नाही, हीच खरी कसोटी ठरते.

काम कसे चालते? प्रथम कौन्सिलकडून स्वतःचे मूल्यांकन, धोरणे, प्रतीक्षायाद्या आणि आकडेवारी मागवली जाते. त्यानंतर काही दिवस पथक प्रत्यक्ष येते. संचालक व लोकप्रतिनिधींशी बोलणे होतेच, पण पाहणी करणारे समाजसेवक, स्वयंसेवी संस्था, रुग्णालये आणि सेवा पुरवणाऱ्या कंपन्या यांचेही ऐकले जाते. यातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे निवडक प्रकरणांचा माग. एका व्यक्तीची फाईल घ्यायची, ती व्यक्ती आणि तिची शुश्रूषा करणारे यांच्याशी बोलायचे आणि कागदावरील हकिकत व प्रत्यक्षातील अनुभव जुळतात का ते पाहायचे. समजा, न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवावा म्हणून कोणी अर्ज केला. पाहणी 'ठरल्याप्रमाणे पूर्ण' अशी नोंद फाईलमध्ये असते. पण अर्ज आणि पाहणी यांच्या मधल्या महिन्यांत ती बाई पडून रुग्णालयात जाऊन आली, हे केवळ तीच सांगू शकते. प्रतीक्षायादी हा म्हणूनच अहवालातील निव्वळ प्रशासकीय तपशील नव्हे.

प्रत्येक विधानाला १ ते ४ गुण दिले जातात. ४ म्हणजे असाधारण, ३ म्हणजे चांगले, २ म्हणजे काही त्रुटी आणि १ म्हणजे गंभीर त्रुटी. एकूण ३६ पैकी मिळालेल्या गुणांची टक्केवारी काढतात. ३८ पर्यंत 'असमाधानकारक', ३९ ते ६२ 'सुधारणा आवश्यक', ६३ ते ८७ 'चांगले' आणि त्यावर 'उत्कृष्ट'. येथे थोडे गणित करून पाहावे. पाच विधानांना ३ आणि चार विधानांना २ गुण मिळाले, तर बेरीज २३, म्हणजे सुमारे ६४ टक्के, श्रेणी 'चांगले'. त्यातील एक ३ घसरून २ झाला की ६१ टक्के आणि श्रेणी 'सुधारणा आवश्यक'. म्हणजे नऊपैकी चार बाबींत त्रुटी असूनही कौन्सिल 'चांगली' ठरू शकते आणि एका गुणाने मथळा बदलतो. संरक्षणाच्या विधानाला २ गुण असतील, तर छळ सोसणाऱ्या वृद्धाच्या दृष्टीने इतर आठ विधानांचे कौतुक काय कामाचे? अहवाल हाती आल्यावर श्रेणीपेक्षा आधी नऊ गुणांचा तक्ता पाहावा, असे म्हणण्याचे कारण हेच.

प्रायोगिक फेरी २०२३ च्या उन्हाळ्यात बर्मिंगहॅम, लिंकनशायर, नॉर्थ लिंकनशायर, नॉटिंगहॅम आणि सफक येथे झाली. त्या नोव्हेंबरात जाहीर झालेल्या सूचक श्रेणींत नॉटिंगहॅम वगळता चौघांना 'चांगले' मिळाले. गंमत अशी, की बर्मिंगहॅमने सप्टेंबर २०२३ मध्येच आपल्याकडे पैसा उरला नसल्याची वैधानिक नोटीस काढली होती, आणि नॉटिंगहॅमनेही नोव्हेंबर संपण्यापूर्वी तोच मार्ग धरला. तिजोरी रिकामी असतानाही सेवा बरी असू शकते, असा याचा अर्थ घेता येईल. परंतु ज्या सेवेचा पाया आर्थिकदृष्ट्या खचला आहे, तिला मिळालेली श्रेणी किती काळ खरी राहील, हा प्रश्न अधिक गंभीर आहे.

या पद्धतीची खरी मर्यादाही येथेच दिसते. सीक्यूसी कौन्सिलचे गुणदोष मांडू शकते, पण कौन्सिलला पैसा किती मिळावा हे केंद्र सरकार ठरवते आणि त्या निर्णयाला कोणी गुण देत नाही. कौन्सिल कर्तव्यात कसूर करीत असल्याचे आढळल्यास सीक्यूसी मंत्र्यांना कळवते. हस्तक्षेपाचे अधिकार मंत्र्यांकडे आहेत. तपासणारी संस्थाही निर्दोष नाही. पेनी डॅश यांनी २०२४ साली केलेल्या परीक्षणात सीक्यूसीच्या कारभारावर कडक ताशेरे होते. तपासण्यांची संख्या घटणे, अहवालांना विलंब आणि निरीक्षकांकडे विषयातील अनुभव कमी, असे ते आक्षेप. त्यांचा रोख मुख्यतः रुग्णालये व केअर होम यांच्या तपासणीवर असला, तरी कौन्सिलचे गुण देणारी संस्था तीच आहे. या संस्थेत सोशल केअरच्या मुख्य निरीक्षक असलेल्या अँड्रिया सटक्लिफ यांनी २०१३ नंतर 'हे माझ्या आईसाठी चालेल का?' असा साधा निकष मांडला होता. नऊ विधाने आणि टक्केवारी यांच्या गर्दीत तो हरवू नये, एवढी अपेक्षा गैर नाही.

सीक्यूसीचे नाव आपल्याकडेही अपरिचित नाही. केअर वर्करच्या व्हिसावर परदेशी कर्मचारी बोलावणाऱ्या इंग्लंडमधील संस्थेने सीक्यूसीकडे नोंदणी केलेली असावी, अशी अट मार्च २०२४ मध्ये आली. ती भरती जुलै २०२५ मध्ये बंद झाली. आज अधिक प्रश्न येतात ते तेथे स्थायिक झालेल्यांच्या आईवडिलांबाबत. त्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. आपला अनुभव सीक्यूसीला जरूर कळवावा, त्याचा उपयोग मूल्यमापनात होऊ शकतो. परंतु वैयक्तिक तक्रारीचा निवाडा ती करीत नाही. त्यासाठी प्रथम कौन्सिलकडे लेखी तक्रार करावी लागते. उत्तराने समाधान न झाल्यास लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समनकडे जाता येते. ही सेवा मोफत असून, प्रश्न लक्षात आल्यापासून साधारणपणे १२ महिन्यांच्या आत तक्रार पोहोचावी लागते.