न उलगडलेले ग्रंथ

इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसचा उद्रेक होऊन इटलीतील हर्क्युलेनियम हे नगर गाडले गेले. तेथील एका प्रासादतुल्य घरातील ग्रंथसंग्रह उष्णतेने कोळसा झाला. कोळसा झाला म्हणूनच तो कुजण्यापासून वाचला. १७५२ मध्ये पपायरसच्या या गुंडाळ्या हाती येऊ लागल्या, तेव्हा त्या वाचावयाच्या तर उलगडणेच भाग होते. अंतोनिओ पिआज्जो या धर्मोपदेशकाने त्यासाठी यंत्र रचले व त्याने काही ग्रंथ हळूहळू उलगडलेही. तथापि सुरीने कापण्याच्या आणि सोलण्याच्या प्रयत्नांत कित्येकांचा चुरा झाला. वाचण्याची उत्कंठाच ग्रंथांना भोवली.

केंटकी विद्यापीठातील ब्रेंट सील्स यांनी वेगळी वाट शोधली. गुंडाळीस हात न लावता क्ष-किरणांनी तिच्या अंतर्भागाचे त्रिमितीय चित्र घ्यावयाचे आणि वेढे संगणकावर सोडवावयाचे. एन-गेदी येथे १९७० मध्ये सापडलेल्या जळक्या हिब्रू गुंडाळीतील ‘लेवीय’चा पाठ असाच मिळाला व २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. हर्क्युलेनियमची शाई मात्र काजळीची आणि पानही कोळशाचे. क्ष-किरणांत दोहोंतील भेद जवळजवळ मावळतो. म्हणून शाईच्या सूक्ष्म खुणा ओळखण्यास संगणकास शिकवावे लागले. २०२४ च्या फेब्रुवारीत एका मिटलेल्या गुंडाळीतील ग्रीक मजकुराचे १५ स्तंभ जाहीर झाले. त्यांत प्रश्न आहे सुखाचा : दुर्मिळ वस्तू विपुल वस्तूंहून अधिक सुख देतात काय?

यंत्राने ग्रंथ वाचला, असे म्हणणे मात्र यथार्थ नव्हे. यंत्रास ग्रीक येत नव्हते, आणि त्याच्या साक्षीचे मोल त्यातच आहे. भाषा जाणणाऱ्यास तुटक्या शब्दाच्या जागी अपेक्षित शब्द दिसू लागतो; यंत्राने ‘येथे शाई आहे’ एवढेच सांगितले. त्या खुणांतून शब्द ठरविणे हे पपायरसतज्ज्ञांचे काम. संदिग्ध अक्षराखाली टिंब देणे आणि तर्काने भरलेला भाग चौकोनी कंसात ठेवणे, ही त्यांची रीत म्हणजे पाठचिकित्सेतील प्रामाणिकपणाच होय.

धोका पुढे आहे. भाषांतर होताच ही टिंबे व हे कंस गळून पडतात आणि तर्क लेखकाच्या नावे खपतो. शेकडो गुंडाळ्या अद्याप मिटलेल्या आहेत. त्यांतील पाठ आपल्यापर्यंत बहुधा भाषांतरांतूनच येणार. तेव्हा वाक्य अडखळले तरी चालेल, पण मुळात जे रिकामे आहे ते भाषांतरातही रिकामेच राहिले पाहिजे.