नाउनाख्तेची वाटणी

पाचव्या रामसेसच्या कारकिर्दीचे तिसरे वर्ष, पुराच्या ऋतूचा चौथा महिना, पाचवा दिवस. ही तारीख इ.स.पू. ११४५ च्या सुमाराची. त्या दिवशी नाईलच्या पश्चिम तीरावर, थीब्जजवळच्या कारागिरांच्या गावात एक म्हातारी पंचांसमोर आली आणि आपल्या मालमत्तेतले कोणाला काय द्यायचे ते तिने सांगितले. ते लिहून घेतलेला पपायरस आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. यारोस्लाव्ह चेर्नी या चेक अभ्यासकाने १९४५ मध्ये तो संबंधित कागदांसह वाचून प्रसिद्ध केला. म्हातारीचे नाव नाउनाख्ते.

प्राचीन इजिप्तचा समाज समजून घ्यायला राजांच्या शिलालेखांपेक्षा हा घरगुती कागद मला अधिक मोलाचा वाटतो. शिलालेखात राजा स्वतःविषयी बोलतो आणि त्याला अडवणारे कोणी नसते. येथे एक बाई शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर बोलते आहे, आणि तिचे घर आतून-बाहेरून माहीत असलेली माणसे समोर बसली आहेत.

या गावाचे आजचे नाव देर अल-मदीना. राजांच्या खोऱ्यातली थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. तटाच्या आत एकाला एक लागून सुमारे सत्तर घरे. गावात पाणी नव्हते, ते गाढवांवरून आणावे लागे. नाणी तर साऱ्या देशातच नव्हती, त्यामुळे मजुरी धान्यात मिळे. साध्या कारागिराला महिन्याला चार खार खपली गहू आणि दीड खार जव. एक खार म्हणजे सुमारे ७७ लिटर.

नाउनाख्तेचा पहिला नवरा केनहेर्खेपेशेफ हा गावचा लेखनिक. दुसऱ्या रामसेसच्या काळापासून चाळीसहून अधिक वर्षे त्याने हे काम केले. त्याच्याजवळ स्वप्नांचे अर्थ सांगणारा एक पपायरस होता. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर त्याने कादेशच्या लढाईचे वर्णन स्वतःच्या हाताने उतरवले आहे. तो पपायरस पुढे नाउनाख्तेच्या मुलाबाळांकडे आला आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. केनहेर्खेपेशेफचा माग सिप्ताह राजाच्या आरंभापर्यंत, म्हणजे इ.स.पू. ११९४ च्या सुमारापर्यंत लागतो. त्यानंतर जवळपास पन्नास वर्षांनी हे मृत्युपत्र झाले. तेव्हा पहिल्या लग्नात ती अगदी कोवळ्या वयाची होती असे धरले, तरी पंचांसमोर आली तेव्हा तिने साठी ओलांडलेली होती. वाटणीत नावे असलेली आठही मुले दुसऱ्या नवऱ्याची, खाएमनून नावाच्या कारागिराची. त्यांतल्या एका मुलाचे नाव मात्र केनहेर्खेपेशेफ आहे. पहिल्या धन्याचे नाव दुसऱ्या संसारात असे टिकून राहिले.

पंचांसमोर ती आधी सांगते, की आपण फेरोच्या भूमीतली स्वतंत्र स्त्री आहोत. आठ मुले वाढवली, त्यांचे संसार थाटताना रीतीप्रमाणे सारे काही दिले. आता आपण थकलो आणि काही जण आपल्याकडे पाहत नाहीत. ज्यांनी हात दिला त्यांना देणार, ज्यांनी दिला नाही त्यांना देणार नाही. बोलणे इतके सरळ आहे.

मग नावे येतात. मानाख्त, केनहेर्खेपेशेफ आणि अमेननाख्त हे मुलगे, आणि वासेतनाख्त ही मुलगी. या चौघांनी आईला खपलीचे एक माप आणि एक हिन चरबी दिली होती. हिन म्हणजे जेमतेम अर्धा लिटर. मेनातनाख्त या मुलीच्या नावापुढे अट आहे: त्या धान्यात आणि त्या चरबीत तिचा वाटा नाही. नेफरहोतेप, हेनशेने आणि खानुब यांना आईच्या मालमत्तेतून वगळले आहे. केनहेर्खेपेशेफला इतरांपेक्षा एक वस्तू जास्त मिळाली, काशाचे हातपाय धुण्याचे भांडे.

अर्ध्या लिटर चरबीचा हिशेब मृत्युपत्रात कशाला, असे वाटेल. साधारण बारा वर्षांपूर्वी, तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी, मजुरीचे धान्य थकले म्हणून याच गावचे कारागीर उपाशीपोटी काम टाकून देवळांच्या आवारात जाऊन बसले होते. त्या संपाची नोंद लेखनिक अमेननाख्तने ठेवली असे मानतात. नाउनाख्तेच्या मृत्युपत्राला साक्षीदार असलेल्या चौदा जणांत, नेखेम्मुत आणि इन्हेरखाउ या दोन मुकादमांच्या पाठोपाठ त्याचेही नाव आहे. कोणी कोणाला मापभर धान्य दिले याची किंमत त्या पंचांना दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कायद्याची बाजूही तितकीच बोलकी आहे. नवरा-बायकोच्या एकत्र मिळकतीत बायकोचा तिसरा हिस्सा होता. पहिल्या नवऱ्याकडून आलेले आणि वडिलांचे कोठार हेही नाउनाख्तेचेच. एवढ्यावर तिची सत्ता चालली, आणि नवरा हयात असताना चालली. खाएमनूनच्या दोन हिश्शांना तिने हात लावला नाही. वडिलांच्या मालमत्तेत आठही मुलांचा वाटा राहील, असे तिनेच सांगून ठेवले. रागाच्या भरात तोडून टाकणारी बाई अशी रेघ आखत नाही. आपले कुठे संपते हे तिला नेमके ठाऊक होते, म्हणूनच आपले होते ते तिने ठामपणे वाटले.

सुमारे वर्षभराने, चौथ्या वर्षी, खाएमनून मुलांसह पुन्हा पंचांसमोर आला. नाउनाख्तेने लिहून दिले आहे तसेच राहील, नेफरहोतेपला त्यात वाटा नाही, हे तेथे पक्के झाले. शब्द फिरवला तर शंभर फटके आणि मालमत्तेला मुकणे, अशी शपथ घेतली गेली. काशाचे भांडे केनहेर्खेपेशेफचेच, त्यावर कोणा भावाने की बहिणीने हक्क सांगू नये, असेही बापाने सांगितले.

वगळलेल्या मुलांची बाजू या कागदांत नाही, आणि ती आपण रचूही नये. कागदावर आहे ते पुरेसे आहे. एका आईने धान्याच्या मापाने मुलांची माया मोजली, गावाने ती मोजणी मान्य केली, आणि तिच्या नवऱ्याने तिचा शब्द आपल्या शपथेने राखला.