पेठेचा संघ

कोल्हापुरातली फुटबॉलची मैदानं मूळची तळी आहेत. छत्रपती शाहू स्टेडियम जिथे उभं आहे तिथे पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. शिवाजी पेठेतलं गांधी मैदान म्हणजे बुजवलेलं वरुणतीर्थ. कपिलतीर्थाची मंडई झाली, तिथे आज भाजी विकली जाते. वस्ती वाढत गेली तशी शहराने एकेक तळं गिळलं. गांधी मैदान अजूनही दर पावसाळ्यात पाण्याने भरतं आणि आपलं मूळ दाखवून देतं. रावणेश्वराच्या वाट्याला फुटबॉल आला. दिवाळी सरली की पावसाळा तोंडावर येईपर्यंत, दुपारी दोन आणि चारला, या बुजलेल्या तळ्यावर अर्धं शहर गोळा होतं.

या मैदानावर उतरणाऱ्या संघांची नावं बाहेरगावच्या माणसाला बुचकळ्यात टाकतात. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. फुटबॉलच्या संघाला तालमीचं नाव का, याचं उत्तर शोधायचं तर कुस्तीच्या दारातून आत शिरावं लागतं.

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, कुस्तीला असा राजाश्रय मिळाला की देशभरच्या मल्लांचे पाय कोल्हापूरकडे वळले. १९१२ मध्ये खासबागेचं कुस्ती मैदान खुलं झालं. पेठापेठांत तालमी होत्याच, त्यांना या वातावरणाने बळ दिलं. तालीम म्हणजे तांबड्या मातीचा हौदा, मारुतीची मूर्ती आणि पहाटे जोर-बैठका काढणारी पोरं, एवढंच चित्र डोळ्यासमोर येतं. पण तालीम हे पेठेचं घरही होतं. भांडण मिटवायचं तिथेच, गणपती बसवायचा तिथेच, मोहरमचे पंजेही तिथेच. बाबूजमाल तालमीत गणपती आणि पंजे यांची एकत्र प्रतिष्ठापना होते, हे कोल्हापूरकर कौतुकाने सांगतात. २०१८ आणि २०१९ मध्ये मोहरम आणि गणेशोत्सव एकाच सुमाराला आले तेव्हा शहराने ते दृश्य पुन्हा पाहिलं. ज्या जागेत पेठेची इतकी कामं चालत, तिथे एक चेंडू आणून ठेवायला कितीसा वेळ लागणार?

फुटबॉल मुळात साहेबाचा. मुंबईत रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला आणि पहिली कितीतरी वर्षं तो गोऱ्या पलटणींच्याच हाती राहिला. १९११ मध्ये कलकत्त्यात मोहन बागानने अनवाणी पायांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली आणि हा खेळ हिंदी पोरांचाही होऊ शकतो हे दिसलं. कोल्हापुरात संस्थानी राज्य होतं. इथे खेळाला गरज होती ती कोणीतरी व्यवस्था लावून देण्याची. ती १९४० मध्ये लागली. छत्रपती घराण्याच्या आश्रयाने कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीत महमेडन स्पोर्टिंगने ड्युरँड चषक जिंकला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय संघ. देशभर फुटबॉल गोऱ्यांच्या हातून निसटत होता, त्याच सुमारास तो कोल्हापुरात पेठांच्या हाती आला.

या संघटनेचं नाव आज कोल्हापुरात कोणी पूर्ण उच्चारत नाही, सगळे केएसए म्हणतात. १९४९ च्या १ मार्चला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, पण संघटनेवरचा राजवाड्याचा हात निघाला नाही. श्रीमंत शाहू छत्रपती, मालोजीराजे ही नावं आजही फुटबॉलच्या बातमीत असतात. हंगामाची पहिली आणि मुख्य स्पर्धा शाहू छत्रपती केएसए लीग या नावानेच ओळखली जाते. प्रजा खेळते आणि राजघराणं वेळापत्रक काढतं, असा हा लोकशाहीतला थोडा गमतीशीर कारभार आहे. तरी तो चालतो, कारण पेठांच्या भांडणात कोणत्याच पेठेचा नसलेला पंच लागतो.

इथे एक शंका येते. तालमी होत्या कुस्तीच्या, मग फुटबॉल का, क्रिकेट का नाही? क्रिकेटचं कोल्हापूरला वावडं नव्हतं. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढणारे भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. डॉन ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना प्रतिस्पर्धी संघाने मैदान सोडलं आणि निंबाळकर तिथेच अडकले. एवढा पराक्रम घरात असूनही पेठा फुटबॉलकडे वळल्या. याला खर्च हे एक कारण असावं. एका चेंडूवर बावीस पोरं खेळतात, पॅड लागत नाहीत, खेळपट्टी लागत नाही. दुसरं कारण अधिक कोल्हापुरी आहे. कुस्तीत पेठेचा एक मल्ल लढतो आणि बाकीचे बघतात, फुटबॉलमध्ये अख्खी गल्ली एकदम मैदानात उतरते. अंगाला अंग भिडवायची सवय तर होतीच. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींनी कुस्ती धरून ठेवली, तिथे अजून मातीच बोलते. बाकीच्या कित्येक तालमींची ओळख हळूहळू फुटबॉलशी जोडली गेली.

पेठांचा नकाशा समजला की सामन्यांचा अर्थ लागतो. पाटाकडील आणि बालगोपाल मंगळवार पेठेतले. खंडोबा, शिवाजी आणि संध्यामठ शिवाजी पेठेतले. दिलबहार रविवार पेठेतला. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांची ईर्षा फुटबॉलपेक्षा जुनी. गणपतीची मिरवणूक असो की महापालिकेची निवडणूक, ती कुठूनही डोकं वर काढते. म्हणून पाटाकडील विरुद्ध शिवाजी किंवा पाटाकडील विरुद्ध खंडोबा असा सामना लागला की त्या दिवशी काही दुकानांची शटर लवकर खाली येतात. एकाच पेठेतल्या दोन संघांचा सामना मात्र याहून अवघड. तिथे घरातल्या घरात तोंडं फिरतात.

हंगामाची खरी सुरुवात मैदानावर होत नाही, नोंदणीच्या टेबलावर होते. केएसएने खेळाडू नोंदणीची तारीख जाहीर केली की कट्ट्यांवर एकच विषय. कोण कुठे चालला? दिलबहारचा बचावपटू खंडोबाला गेला, बालगोपालचा पोरगा प्रॅक्टिसला सही करतोय, अशा वावड्या उठतात, काही खऱ्याही निघतात. वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांवर या बदलांच्या याद्या छापून येतात आणि चहाच्या टपरीवर त्या कांदा-मुळा-भाजीच्या भावासारख्या वाचल्या जातात. मग सोळा संघांची वरिष्ठ गटाची लीग लागते. खालच्या गटांत त्याच तालमींचे ‘ब’ संघ खेळतात, म्हणजे वर जागा न मिळालेल्या पोरांचीही सोय होते.

चारचा सामना आपल्या संघाचा असला तरी जाणता समर्थक दोनलाच येतो. पहिल्या सामन्यात प्रतिस्पर्धी पेठेचा संघ असतो, आणि तो हरताना बघायचा आनंद कोण सोडेल? डोक्यावर रुमाल, खिशात शेंगदाणे. ऊन पश्चिमेकडे कलू लागलं की कोणत्या गॅलरीत बसायचं हे ज्याचं त्याला ठाऊक असतं. मैदानात थ्रो-इन चुकला तरी वरून सल्ला येतो, आणि तो ज्याच्यासाठी असतो त्याला नावाने, बापाच्या नावासकट ऐकू येतो. व्यावसायिक क्लबच्या खेळाडूला हा अनुभव दुर्मिळ. इथे मैदानातला राइट बॅक उद्या सकाळी दूध आणायला त्याच डेअरीवर येणार असतो. सामना संपल्यावर ‘सामनावीर’ ठरतो, आणि बऱ्याचदा त्याच्या जोडीला एक ‘लढवय्या खेळाडू’ही निवडला जातो. गोल न करता जीव तोडून पळणाऱ्याला बक्षीस द्यायची ही रीत कुस्तीच्या गावाला शोभते.

लीग आटोपत आली की चषकांचा काळ. महापौर चषक, सतेज चषक, अटल चषक, नेताजी चषक अशा बाद फेरीच्या स्पर्धा एकामागून एक लागतात. नावांवरून कळतंच की या मैदानावर राजकारणीही येतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पंधरा-वीस हजार लोक एका जागी उत्साहात बसलेले असतील तिथे पुढारी येणारच. काही जण मात्र मैदानातूनच राजकारणात गेले. २०१९ मध्ये कोल्हापूर उत्तरमधून आमदार झालेले आणि २०२१ च्या डिसेंबरात निधन पावलेले चंद्रकांत जाधव हे आधी फुटबॉलपटू म्हणून पेठांना माहीत होते.

अंतिम सामना टायब्रेकरपर्यंत गेला तर गॅलरीत श्वास अडकतो आणि बाहेर रस्त्यावर गाड्या थांबतात. जिंकलेला संघ चषक घेऊन थेट घरी जात नाही. हलगी कडाडते, गुलाल उधळला जातो, खेळाडू खांद्यावर चढतात आणि मिरवणूक पेठेत जाते. मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश मंदिर, निवृत्ती चौक या नाक्यांवर निकाल आधीच पोचलेला असतो. हरलेल्या पेठेतून मिरवणूक न्यायची की नाही, हा प्रश्न पोलिसांच्या दृष्टीने चषकापेक्षा मोठा.

कारण या ईर्षेला दुसरी बाजूही आहे, आणि ती झाकून फुटबॉलचा इतिहास सांगणं खोटेपणाचं होईल. बाटल्या, चपला, दगड मैदानात आले आहेत. समर्थकांत हाणामाऱ्या झाल्या आहेत, सामने थांबले आहेत, पोलिसांनी लाठ्या चालवल्या आहेत. दर वेळी बैठका होतात, मंडळांकडून हमी घेतली जाते, समर्थकांची बसण्याची सोय वेगळी केली जाते. काही दिवस शांत जातात. मग एखादा ऑफसाइड पुरतो. स्पर्धा मध्येच गुंडाळली की नुकसान होतं ते वर्षभर सराव केलेल्या पोरांचं, आणि दगड मारणारा बहुधा त्यांच्यातला नसतो.

गेल्या काही वर्षांत या पेठांत नायजेरिया आणि इतर आफ्रिकी देशांतले खेळाडूही दिसू लागले. तालमीजवळच्या एखाद्या खोलीत राहायचं, पोरांबरोबर सराव करायचा, हंगाम संपला की निघायचं. किती परदेशी खेळाडू उतरवायचे यावर केएसएने नियम केले, त्यावर वादही झाले. जुन्या जाणत्यांची तक्रार अशी की स्ट्रायकरची जागा बाहेरच्याने घेतली तर पेठेतल्या पोराने गोल मारायला शिकायचं कधी? तक्रारीत तथ्य आहे. पण त्याच परदेशी पाहुण्याला पहिला गोल मारल्यावर गल्लीतल्या आज्ज्या ओवाळतात आणि त्याला नवं मराठी नाव मिळतं. पैसा आला, मानधन आलं, करार आले, तरी संघ पेठेचाच राहिला.

याची किंमत महाराष्ट्रातच दुसरीकडे बघितली की कळते. पुण्यात एफसी पुणे सिटी हा इंडियन सुपर लीगचा संघ २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. अमेरिकेत बेसबॉलचा ब्रुकलिन डॉजर्स हा संघ १९५७ चा हंगाम संपल्यावर लॉस एंजेलिसला निघून गेला आणि ब्रुकलिनची माणसं कित्येक वर्षं हळहळत राहिली. मालकाने ठरवलं की संघ गाव बदलतो. पाटाकडील तालीम उद्या पुण्याला हलवायची म्हटली तर कोणाला विकत घ्यायची? तिला मालकच नाही, पेठ आहे.

पण याच रचनेमुळे कोल्हापूरचा फुटबॉल शहराच्या वेशीवरच अडला, हेही म्हणावं लागेल. शाहू स्टेडियमवर हजारोंची गर्दी असूनही देशाच्या वरच्या लीगमध्ये कोल्हापूरचा पुरुष संघ दिसला नाही. मुलींनी मात्र हे अंतर तोडलं. एफसी कोल्हापूर सिटी २०१८-१९ च्या हंगामात इंडियन वुमेन्स लीगमध्ये खेळला. मुलांमध्ये वर पोचले ते एकेकटे. अनिकेत जाधव हा रिक्षाचालकाचा मुलगा कोल्हापुरातून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. भारत फिफाच्या विश्वचषकाच्या मैदानावर उतरण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्या संघात एक कोल्हापूरचा होता. त्याच अनिकेतने पुढे हैदराबादच्या संघाकडून खेळताना २०२१-२२ ची इंडियन सुपर लीग जिंकली.

दर चार वर्षांनी मोठा विश्वचषक येतो तेव्हा पेठा ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटल्या जातात. भिंतींवर झेंडे रंगतात, चौकात मेस्सी आणि नेमारचे उंच कटआउट लागतात. २०२२ च्या डिसेंबरात अर्जेंटिना जिंकल्यावर मध्यरात्री कोल्हापूरच्या रस्त्यांवर जो जल्लोष झाला तो पाहून बाहेरच्यांना नवल वाटलं. कोल्हापूरकरांना वाटलं नाही. गुलाल, हलगी, दुचाकींची रांग, सारी तयारी हंगामभर झालेली असतेच, फक्त या वेळी चषक दुसऱ्याचा होता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने चालू हंगाम मध्येच तोडला, तेव्हा रिकाम्या स्टेडियमने पेठांना जे जाणवून दिलं ते जास्त खोल गेलं. कट्ट्यावर वाद घालायला ताजा सामनाच उरला नाही, आणि माणसं दहा-वीस वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यांतले गोल पुन्हा मोजू लागली. दोन जुने समर्थक एकाच गोलची दोन वेगवेगळी वर्णनं शपथेवर सांगू लागले, आणि दोघांनाही आपापल्या पेठेत साक्षीदार मिळाले.