ग्रुप कॅप्टन लेनर्ड चेशायर : वैमानिक व रुग्णसेवक

आपल्या वरसाव्याहून महामार्गानें दक्षिणेस निघालें असतां थोड्याच वेळांत अंधेरी येते. तेथें महाकाली लेण्यांच्या रस्त्यावर 'बेथलेहेम हाउस' नांवाचें अपंगांचें घर आहे. भारतांतील पहिलें चेशायर होम तें हेंच. ज्यांच्या नांवानें तें ओळखलें जातें, ते गृहस्थ ऐन तारुण्यांत बाँबफेकी विमानाचे वैमानिक होते, हें आपल्यापैकीं अनेकांस ठाऊक नसेल. महोत्सवाच्या या शुभप्रसंगीं त्यांचें चरित्र थोडक्यांत सादर करीत आहों.

लेनर्ड चेशायर यांचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ रोजीं इंग्लंडांत झाला. वडील ऑक्सफर्ड येथें कायद्याचे नामांकित अध्यापक होते. पुत्रानेंही तेथेंच कायद्याचा अभ्यास केला व विद्यापीठाच्या विमानपथकांत उड्डाणाचे धडे घेतले. १९३९ सालीं महायुद्ध पेटतांच ते हवाई दलांत दाखल झाले. १९४० च्या नोव्हेंबरांत जर्मनीवरील रात्रीच्या स्वारींत तोफगोळा लागून त्यांच्या विमानाच्या आंत आग लागली, बाजूस मोठें भगदाड पडलें, एक सोबती भयंकर भाजला. तशा स्थितींत त्यांनीं विमान परत आणलें. पंचविसाव्या वर्षीं ते ब्रिटिश हवाई दलांतील सर्वांत तरुण ग्रुप कॅप्टन झाले. परंतु पुन्हा स्वारीवर जातां यावें म्हणून आपण होऊन खालचा हुद्दा पत्करून १९४३ च्या अखेरीस त्यांनीं ६१७ व्या पथकाचें नेतृत्व घेतलें.

या काळांतील एक प्रसंग विशेष स्मरणीय आहे. ८ फेब्रुवारी १९४४ च्या रात्रीं फ्रान्समधील लिमोज येथील विमानयंत्रांचा कारखाना उडवावयाचा होता. कारखाना जर्मनांसाठीं चाले. पण आंत राबणारे कामकरी फ्रेंच, व त्यांत पुष्कळ बायका. चेशायर यांनीं आपलें अवजड विमान अगदीं खालून, कारखान्यावरून तीन वेळां नेलें. इशारा ओळखून माणसें बाहेर पडलीं आणि मगच बाँब पडले. शत्रु सावध होईल हा धोका पत्करून त्यांनीं खालच्या अनोळखी जिवांची काळजी वाहिली. त्याच वर्षीं, शंभर स्वाऱ्या पुऱ्या झाल्यावर, त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तोही एखाद्या पराक्रमाबद्दल नव्हे, तर चार वर्षांच्या अखंड धैर्याबद्दल.

९ ऑगस्ट १९४५ रोजीं नागासाकीवर अणुबाँब पडला, तेव्हां ब्रिटनचे निरीक्षक म्हणून त्यांनीं दूरच्या विमानांतून तो प्रचंड धूमस्तंभ पाहिला. त्याखालीं उराकामीचें कॅथलिक मंदिर होतें. पिढ्यान्‌पिढ्या छळ सोसून श्रद्धा जपलेल्या तेथील भाविकांपैकीं सुमारें साडेआठ हजार मरण पावले. चेशायर तेव्हां कॅथलिक नव्हते. हिटलरशीं केलेलें युद्ध अन्यायाचें होतें, असें ते पुढेंही म्हणाले नाहींत. पण मिळालेल्या शांततेचें आपण काय करावें, हा प्रश्न त्यांस सोडीना.

१९४६ सालीं त्यांनीं हवाई दल सोडलें. युद्धांतील सोबत्यांसाठीं काढलेली वसाहत कर्जांत बुडाली. १९४८ सालीं ल कोर्ट येथील रिकाम्या वाड्यांत त्यांनीं आर्थर डाइक्स नांवाच्या, कर्करोगानें मरणोन्मुख झालेल्या निराश्रित मनुष्यास आणून ठेविलें. त्याचें जेवण, अंथरूण, धुणेंपुसणें सर्व स्वतःच्या हातानें केलें. आर्थर कॅथलिक होता. त्याच्या मृत्यूचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला, आणि त्याच वर्षीं नाताळच्या पूर्वसंध्येस त्यांनीं कॅथलिक ख्रिस्तसभेंत प्रवेश केला. त्या एका रुग्णाच्या पाठोपाठ दुसरे आले, व एका घराचीं अनेक घरें झालीं.

१९५५ सालीं ते भारतांत आले व अंधेरीच्या घराचा आरंभ झाला. ५ एप्रिल १९५९ रोजीं मुंबईच्या कॅथेड्रलमध्यें स्यू रायडर या सेवाव्रती बाईंशीं त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षीं डेहराडून येथें उभयतांनीं 'राफाएल' ही संस्था स्थापिली. कुष्ठरोग्यांस तेथें आसरा मिळाला. ३१ जुलै १९९२ रोजीं ते निवर्तले.

धर्मबंधुभगिनींनो, या वीरानें शंभर वेळां मृत्यूशीं झुंज दिली. पण प्रभूची भेट त्यास एका रोग्याच्या उशाशीं झाली. आपल्या धर्मग्रामांतही अंथरुणास खिळलेला कोणी वृद्ध, कोणी पंगु असेल. त्याच्या दाराशीं जाण्यास विमान लागत नाहीं. या महोत्सवाच्या वर्षांत तेवढी वाट चालण्याची बुद्धि प्रभु आपणां सर्वांस देवो.